पाखरांची चित्रे आणि पुसली गेलेली नावे

मंचरहून घोडेगाव ओलांडून भीमाशंकरकडे जाऊ लागले की शिनोली हे गाव लागते. घोड नदीच्या खोऱ्यातील हे गाव आंबेगाव तालुक्यात येते. त्याच्या पश्चिमेस डिंभे धरणाचा जलाशय, त्यापलीकडे महादेव कोळी व ठाकर बांधवांच्या वाड्यावस्त्या आणि शेवटी भीमाशंकरचे अरण्य असा हा प्रदेश आहे. उत्तरेकडील डोंगररांग ओलांडली की आपण जुन्नरात पोहोचतो. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी कोरलेली आहेत आणि ती आपल्या पूर्वजांच्या धम्मदानाची साक्ष देत आहेत, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

या लेण्यांच्या ओसरीत क्षणभर शांत उभे राहिले असता छताच्या कडेला चिखलाच्या बारीक गोळ्यांनी बांधलेले वाटीसारखे घरटे दिसते आणि त्यातून ये-जा करणारा, चिमणीएवढा, काळपट तपकिरी पक्षीही दिसतो. भिंगरीच्या कुळातील हा पक्षी कडेकपारींत, किल्ल्यांच्या तटांत व लेण्यांत राहतो. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १८३२ साली विल्यम हेन्री साइक्स या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने प्रसिद्ध केले. त्याच साइक्सने जुन्नरच्या लेण्यांतील लेख हाताने उतरवून घेतले व १८३७ साली ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. लेण्यातील पक्षी आणि लेण्यातील अक्षर, दोन्ही एकाच माणसाने टिपले. या योगायोगाने आम्हांस विचारप्रवृत्त केले व त्यातून प्रस्तुत लेख सिद्ध झाला. पक्ष्यांची चित्रे हा विषय धम्माच्या अभ्यासकांस परका वाटण्याचा संभव आहे. परंतु ती चित्रे कोणी काढली, पक्षी कोणी पकडले आणि नाव कोणाचे राहिले हे प्रश्न विचारू लागताच तो विषय आपला होतो.

साइक्सचा जन्म १७९० चा. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने १८२४ साली त्याची दख्खनचा सांख्यिकी माहिती गोळा करणारा अधिकारी म्हणून नेमणूक केली. पेशवाई बुडून जेमतेम सहा वर्षे झाली होती. नव्या सत्तेस आपण काय जिंकले आहे याची मोजदाद हवी होती. पाऊस किती पडतो, गावे किती, जमिनीची धारा कशी, बलुतेदार कोण, वतने कोणती हे सर्व साइक्सने टिपले आणि त्याच दौऱ्यांत पक्षी, पशू व मासेही गोळा केले. १८३१ साली तो मायदेशी परतला. पुढच्याच वर्षी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. तीत दोनशेहून अधिक जातींची नोंद आहे. येथे हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे की, पक्ष्यांची ही यादी व जमीनधाऱ्याची यादी एकाच दप्तरातून निघाली. पक्ष्यांविषयीचे त्याचे कुतूहल खरे होते यात आम्हांस शंका नाही, पण त्या कुतूहलास तंबू, घोडे, बंदुका व माणसे पुरविली ती जमाबंदीच्या यंत्रणेने.

आता त्याने ठेवलेली नावे पाहावीत. भीमाशंकरच्या अरण्यात उड्या मारणारे शेकरू आज महाराष्ट्राचे राज्यप्राणी आहे. साइक्सने १८३१ साली त्याला गव्हर्नर एल्फिन्स्टनचे नाव दिले. एल्फिन्स्टननंतर गव्हर्नर झालेल्या माल्कमचे नाव मोठ्या राखी सातभाईला मिळाले. तळ्याकाठी पिसे मिटून बसणाऱ्या ढोकरीला लंडनच्या संग्रहालयातील ग्रे नावाच्या विद्वानाचे नाव लाभले. आपल्या डोक्यावर रोज घिरट्या घालणाऱ्या घारीस त्याने 'गोविंदा' म्हटले, एका चंडोलास 'देवा' व एका चिमुकल्या वटवट्यासारख्या पाहुण्या पक्ष्यास 'रामा' म्हटले. गव्हर्नर आणि देवदेवता यांच्यात पक्ष्यांची अशी वाटणी झाली. ज्या माणसांनी रानात पहाटे जाळे लावून हे पक्षी आणून दिले त्यांच्यापैकी कोणाचेही नाव एकाही पाखरास मिळाले नाही. (बुद्धाचेही नाव एकाही पाखरास मिळाले नाही. त्याची मात्र आम्हांस खंत नाही.)

पक्ष्याचे चित्र म्हणजे एका चित्रकाराने झाडाखाली बसून केलेली रम्य करमणूक, अशी अनेकांची समजूत असते. एकोणिसाव्या शतकातील वस्तुस्थिती अगदी निराळी होती. त्या काळी दुर्बिणीने पक्षी ओळखण्याची पद्धत नव्हती. पक्षी मारावा किंवा पकडावा लागे. त्यासाठी पारध्याचा फासा, चिकटा, जाळे, कोणत्या ऋतूत कोणते पाखरू कोठे उतरते याचे पिढीजात ज्ञान लागे. पक्षी हाती आल्यावर त्याचे कातडे अखंड सोलून आतून विषारी सोमलयुक्त साबण चोळावा लागे, नाहीतर कीड लागे. मग कापूस भरून, पायास चिठ्ठी बांधून तो पेटीत जाई. येथे चित्रकाराची खरी गरज उत्पन्न होते. कातडे टिकले तरी डोळ्याचा, चोचीचा, पायाचा व उघड्या त्वचेचा रंग काही तासांत उडतो. तो रंग लगेच कागदावर उतरविला नाही तर तो कायमचा गेला. चित्र लंडनला पोहोचल्यावर शिळेवर उतरविणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि प्रत्येक प्रत हाताने रंगविणारे मजूर वेगळे. एवढ्या हातांतून गेलेल्या पाखराच्या पायाशी शेवटी बहुधा एकच नाव उरे, व ते संग्राहकाचे असे.

सर्वच ठिकाणी असे झाले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जहांगीर बादशहाने आपल्या दरबारातील उस्ताद मन्सूर यास 'नादिर-उल-अस्र' ही पदवी दिली आणि आपल्या आठवणींत त्याचा गौरव केला. कलकत्त्यात १७७७ ते १७८२ या काळात मेरी इंपी या न्यायाधीशपत्नीने पाळलेल्या पशुपक्ष्यांची तीनशेहून अधिक चित्रे शेख झैनुद्दीन, भवानीदास व रामदास या पाटण्याहून आलेल्या तिघांनी काढली. त्यांची नावे चित्रांवर फारसी लिपीत आहेत. चित्रकाराचे नाव लिहिणे त्या काळी अशक्य नव्हते, हे यावरून दिसून येते. जेथे ते लिहिले गेले नाही तेथे ते आवश्यक मानले गेले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

आमच्या पुणे जिल्ह्यात असे एक नाव टिकून आहे आणि त्याची कथा बोधप्रद आहे. गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारी होता. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तेथील गेंड्याचे गंगारामने १७९० च्या नोव्हेंबरमध्ये काढलेले चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. ते पाखराचे चित्र नव्हे. परंतु प्राणी जसा दिसतो तसा, त्याच्या कातडीच्या घड्यांसह, डौल वा पुराणकथा न जोडता कागदावर मांडण्याची जी दृष्टी पक्षिचित्रांस लागते, ती या चित्रात पूर्ण आहे.

गंगारामविषयी लिहिणारे बहुतेक जण त्यास जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचा शिष्य म्हणून ओळख करून देतात. सवाई माधवरावांच्या काळी शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तेथे वेल्सने त्यास शिकविले, हे खरे आहे. पण वेल्स हिंदुस्थानात आला १७९१ साली. गेंडा त्याच्या आदल्या वर्षीचा आहे! ही साधी तारीख डोळ्यांआड करून 'साहेबाने शिकविले म्हणून आला' असे म्हणणे आम्हांस मान्य नाही. गंगारामने वेल्सकडून यथादर्शनाची रीत उचलली असेल, नव्हे उचललीच. परंतु निरखणारी नजर व स्थिर हात तो घरून घेऊन आला होता. तांबट हे त्याचे नाव सांगते की ते घर तांब्याची भांडी घडविणाऱ्यांचे. पत्र्यावर एकसारखा ठोका देत गोलाई साधणाऱ्या घराण्यात रेषेचे वळण कळणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे.

गंगारामने वेरूळच्या लेण्यांचीही चित्रे काढली. मॅलेटचा वेरूळवरील लेख 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात १७९९ साली प्रसिद्ध झाला. १७९५ साली सवाई माधवराव गेले व पाठोपाठ वेल्सही मरण पावला, तेव्हा चित्रशाळेचा आधारच सुटला. त्यानंतर १८०३ साली लंडनमध्ये वेरूळच्या चोवीस दृश्यांचे मोठे चित्रपुस्तक निघाले. त्याच्या शीर्षकपृष्ठावर वेल्स व खोदकाम करविणारा डॅनिएल या दोघांची नावे आहेत. वेरूळचे काम ज्याने केले त्या गंगारामचे नाव तेथे नाही. आणखी एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. त्या पुस्तकाच्या नावात वेरूळच्या लेण्यांस सरसकट 'हिंदू' म्हटले आहे, जेव्हा तेथील पहिली बारा लेणी बौद्धांची आहेत. कारागिराचे नाव आणि धम्माचे नाव एकाच पानावरून नाहीसे झाले. यात कोणाचा कट होता असे आम्ही म्हणत नाही. ज्यांचे नाव लिहिण्याची सवय नसते त्यांचे नाव सहजच गळते.

तांबट हे नाव आपल्याकडे एका पाखराचेही आहे. उन्हाळ्यात वडाच्या झाडावर बसून 'टुक् टुक्' असा तांब्यावर हातोडी मारल्यासारखा आवाज तासन्‌तास करणाऱ्या हिरव्या पक्ष्यास मराठी माणूस तांबट म्हणतो. खोडावर चोच आपटणारा तो सुतार. पाने शिवून घरटे करणारा तो शिंपी. पाण्याच्या काठी शेपटी वरखाली हलविणारा तो धोबी, कोठे परीट. घारीसही हुसकावून लावणारा काळा तो कोतवाल. सगळा गावगाडाच जणू झाडावर जाऊन बसला आहे. ही नावे कोणा विद्वानाने संस्था काढून ठेविली नाहीत. काम करणाऱ्या माणसांनी पाखरांत आपापले काम ओळखले व ते नाव त्यास दिले. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या सुप्रसिद्ध भाषणात जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे व तीत एकावर एक अशा पायऱ्या आहेत, हे दाखवून दिले. पाखरांच्या या नावांत श्रम आहेत, पण पायऱ्या नाहीत. सुतार पक्ष्याने शिंपी पक्ष्याच्या झाडावर बसू नये असे कोणी म्हणत नाही. पायरी डोकावते ती 'ब्राह्मणी घार' व 'ब्राह्मणी मैना' या नावांत. आणि त्या नावांचा प्रसार साहेबांच्या पुस्तकांनीच अधिक केला आहे.

आता पुन्हा जुन्नरकडे वळू. साइक्सने जे लेख उतरविले ते त्यास वाचता येत नव्हते. त्या लिपीचे कोडे जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारासच सोडविले. म्हणजे साइक्सने ती अक्षरे केवळ आकार म्हणून रेखाटली. अनोळखी पाखराची चोच, पंख, शेपटी जशी रेखाटावी तशी. त्याच्यापुढे जे होते ते पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी व इतरांनी वाचले. त्यात काय निघाले? जुन्नरच्या एका लेखात संघाकरिता ठेवलेल्या रकमेचे व्याज देणाऱ्या श्रेणींची नोंद आहे. वासकारांची श्रेणी, म्हणजे बांबूकाम करणारे, आजचे बुरूड. कासकारांची श्रेणी, म्हणजे काशाची भांडी घडविणारे, गंगाराम तांबटाच्या धंद्याचे पूर्वसुरी. दुसऱ्या एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचे सांगितले आहे. अडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाची व वडाची झाडे लावण्यासाठी शेतांचे उत्पन्न लावून दिले. यवनांची दानेही येथे आहेत. वडाच्या झाडांस जमीन तोडून देणाऱ्या त्या उपासकाच्या मनात तांबट पक्षी होता की नाही हे कोण सांगणार! पण जेथे वड तेथे तांबट, हे आपण रोज पाहतो.

ज्या समाजात बुरुडाच्या हाती संघाची ठेव विश्वासाने दिली जात होती, त्याच समाजात पुढे बुरुडाचा स्पर्श विटाळ ठरला. हे स्थित्यंतर केव्हा व कसे झाले हा प्रश्न साइक्सलाही पडलेला दिसतो. १८४१ साली त्याने मुसलमानी स्वाऱ्यांपूर्वीच्या भारताविषयी, चिनी भिक्षू फाहियान याच्या प्रवासवर्णनाच्या आधारे, एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. ब्राह्मणी वर्चस्व या देशात अनादिकाळापासून अखंड चालत आले आहे हे तत्कालीन विद्वानांचे मत त्यात त्याने खोडून काढण्याचा प्रयत्न केला. त्याची काही अनुमाने पुढे टिकली नाहीत. तरीही जुन्नरच्या डोंगरांत अनेक महिने भटकलेल्या माणसास हा प्रश्न सुचला, तो केवळ ग्रंथ वाचणाऱ्यांस सुचला नाही, याचे आम्हांस विशेष वाटते. साइक्सचे ऋण आम्ही मान्य करतो. ऋण मानणे व हिशेब मागणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

पक्षी आणि पारधी या दोघांनाही चित्रात स्थान देणारी एक जुनी परंपरा आपल्याजवळ आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हंसजातक रंगविलेले आहे. सोनेरी हंसांचा राजा फाशात सापडतो. सारा थवा उडून जातो, पण सेनापती सुमुख त्याच्यापाशी थांबतो. ती निष्ठा पाहून पारध्याचे मन पालटते आणि तो फासा सोडतो. हंस स्वतः होऊन त्याच्याबरोबर राजाकडे जातात, त्याला त्याचे इनाम मिळावे म्हणून. महाहंसजातकात या पारध्यास नाव आहे : खेमक. जातककथा सांगणाऱ्यांनी त्याला दुष्ट ठरविले नाही. त्याचा धंदा हिंसेचा आहे हे झाकले नाही आणि त्याचे मन बदलू शकते हेही नाकारले नाही. कथेच्या शेवटी पक्षी सुटतो व पारधी उपाशी राहत नाही.

शेवटचा हा तपशील आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या काळात नेमके तेवढेच घडले नाही. ज्या फासेपारध्यांच्या हाताचे कसब निसर्गशास्त्राच्या पेट्या भरण्यास उपयोगी पडत होते, त्यांच्या जमातीचे अनेक गट गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या कचाट्यात सापडले. तो कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्याने त्याचा अंमल मुंबई इलाख्यातही आला. जन्मानेच गुन्हेगार, हजेरी दिल्याशिवाय गाव सोडावयाचे नाही, असा तो न्याय. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. पाखरांच्या दृष्टीने तो आवश्यक होता व आम्ही त्याचे स्वागतच करतो. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले, त्यामुळे शेकरू वाचले. परंतु फासा हातातून काढून घेताना त्या हाताला दुसरे काय द्यावे याचा विचार कायद्यात नव्हता. लावा पक्ष्याची शीळ हुबेहूब काढून त्यास गवतातून बाहेर बोलाविणारा माणूस आज एखाद्या पाहणी पथकाचा गुरू व्हावयास हवा. तो नाक्यावर संशयित म्हणून उभा असतो.

दोन प्रयत्नांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. २०२५ साली निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीच्या काळात अरण्यात राहणाऱ्या माणसांकडून पाखरांची नावे गोळा केली आणि त्यांतून मराठीला पक्षिकोश मिळाला. गोव्याचे कार्ल डिसिल्व्हा यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या मार्गदर्शक ग्रंथासाठी चित्रे काढली. ते २०१५ साली गेले. त्या ग्रंथात चित्रकारांची नावे छापलेली आहेत, इतकी साधी गोष्ट घडावयास किती काळ जावा लागला!

गेल्या वर्षावासात आम्ही काही उपासक-उपासिका जुन्नरची लेणी पाहून परतताना शिनोलीस थांबलो होतो. सोबत एक कोरी वही होती. परिसरातील पाखरांची तोंडी नावे, त्यांच्याविषयीच्या समजुती व शक्य तेथे मुलांनी काढलेले चित्र असे तीत उतरावयाचे आणि प्रत्येक नोंदीपुढे सांगणाऱ्याचे नाव लिहावयाचे, असे आम्ही ठरविले होते. एका घराच्या ओट्यावर बसलेल्या वृद्ध आजींनी तासाभरात तेवीस नावे सांगितली. त्यांपैकी चार आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचलेली नव्हती. वही पुढे करून त्यांचे नाव विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "पाखराचं लिवा की, माझं कशाला?" बराच वेळ समजूत घातल्यावर त्यांनी नाव सांगितले. सातवीतल्या नातीने ते आजीच्या देखत वहीत लिहिले आणि शेजारच्या रिकाम्या जागेत तांबट काढला. त्याच्या छातीवरचा लाल ठिपका रंगविण्यास तिच्याकडे लाल पेन्सिल नव्हती, म्हणून तिने कुंकू वापरले.